बेळगावात राहून इन्स्ट्रक्शनल डिझाइन शिकले: कोणी करावं, कशासाठी करावं

शहापूरची बाई | रविवार, रात्री ९:४०

गेल्या दोन महिन्यांत तीन शिक्षिकांनी मला एकच विचारलं. बी.एड. झालंय, शाळेत आठ-दहा वर्षं गेलीत, आता पुढं काय शिकावं? आणि तुम्ही ते इन्स्ट्रक्शनल डिझाइन शिकलात, त्यानं खरंच काही बदललं का? फोनवर अर्धवट सांगून होत नाही, म्हणून इथं सविस्तर लिहितेय. इन्स्ट्रक्शनल डिझाइन म्हणजे कोणाला काय, कशासाठी आणि कसं शिकवायचं, आणि ते शिकलं की नाही हे कसं तपासायचं, याची आखणी.

मी नऊ वर्षं मराठी माध्यमाच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवलं. २०२० साली शाळा बंद होत्या तेव्हा पुण्याच्या एका कंपनीचं काम घरबसल्या मिळालं, स्टोरीबोर्ड लिहायचं. स्टोरीबोर्ड म्हणजे कुठल्या पडद्यावर कुठलं चित्र येणार, मागं काय ऐकू येणार, शिकणारा कुठं क्लिक करणार, याचा तक्ता. तिकडून पीपीटी यायची, मी तक्ता करून पाठवायची, पुढं कोणीतरी तो स्टोरीलाइन नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवायचं. दोन वर्षं असंच चाललं. मग एका बैठकीत ग्राहकाच्या बाजूच्या माणसानं साधा प्रश्न विचारला: हा कोर्स तासाभराचाच का? वीस मिनिटांत का होत नाही? सगळे माझी वाट बघत थांबले आणि मला काही बोलता येईना. चाळीस स्लाइड आल्या होत्या म्हणून तासाभराचा झाला होता, एवढंच खरं कारण होतं.

त्या आठवड्यात इग्नूचा, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा, फॉर्म भरला.

आपल्याकडं 'इन्स्ट्रक्शनल डिझाइन' याच नावाची पदवी शोधत बसलात तर फार काही हाती लागत नाही. हा विषय शैक्षणिक तंत्रज्ञान, दूरशिक्षण, अभ्यासक्रम विकसन अशा नावांखाली असतो. मी केलं ते इग्नूचं 'दूरशिक्षण' या विषयातलं एम.ए. त्याच्या पहिल्या वर्षात इन्स्ट्रक्शनल डिझाइनचा स्वतंत्र पेपर आहे, दुसऱ्या वर्षात अभ्यासक्रम विकसन आणि संशोधन पद्धती येतात. पहिल्या वर्षाची पदव्युत्तर पदविका वेगळीही करता येते आणि नंतर दुसऱ्या वर्षाला बसता येतं. घर आणि नोकरी सांभाळणाऱ्यांना हे फार सोयीचं आहे. परीक्षा जून आणि डिसेंबर अशा दोन वेळा असतात, त्यामुळं एखादा पेपर मागं ठेवता येतो. मी दोन ठेवले होते.

इग्नूची पुस्तकं त्यांच्या ई-ज्ञानकोश या संकेतस्थळावर कोणालाही फुकट वाचता येतात. प्रवेश घेण्याआधी तिथं चार पाठ वाचून बघा. मला इंग्रजी पहिले तीन महिने फार जड गेलं, पहाटे साडेचारला उठून एकेक पान दोनदा वाचायची. चौथ्या महिन्यात पानं आपोआप पुढं सरकायला लागली.

आता शिकले काय ते सांगते. 'अ‍ॅडी' नावाची एक चौकट असते. १९७५ साली फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात अमेरिकी लष्करासाठी प्रशिक्षणाची जी पद्धत बसवली, तिच्यातून ती आली. विश्लेषण, आराखडा, निर्मिती, अंमलबजावणी, मूल्यमापन असे पाच टप्पे. ते वाचताना मी पेन खाली ठेवला. दोन वर्षं मी त्यातला तिसरा टप्पाच करत होते. बाकीचे चार दुसऱ्या कोणीतरी केले असतील असं धरून चालले होते, आणि ते कोणीच केलेले नव्हते.

मग रॉबर्ट मेगर या अमेरिकी अभ्यासकाचं वाचलं. त्यानं १९६२ सालीच सांगून ठेवलंय की उद्दिष्टात तीन गोष्टी हव्यात: शिकणारा काय करून दाखवेल, कुठल्या परिस्थितीत, आणि कितपत बरोबर. मी नऊ वर्षं पाठ टाचणात 'महत्त्व समजेल', 'जाणीव होईल' असंच लिहीत आले होते. समजलं हे मला दिसणार कसं, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

याचा खरा कस लागला तो उद्यमबागेत, बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत. तिथल्या एका फाउंड्रीनं, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यानं, सुरक्षा प्रशिक्षण नव्यानं करून मागितलं. हातात ६४ इंग्रजी स्लाइड दिल्या आणि म्हणाले, याचं मराठी-कन्नड करा, जरा चित्रं टाका. मी म्हटलं, करते, पण आधी मला एक पाळी तिथं उभं राहू द्या. मालकांना ते विचित्र वाटलं, तरी हो म्हणाले.

त्यांची मुख्य काळजी लेडलची होती. लेडल म्हणजे वितळलेलं लोखंड भट्टीतून साच्यापर्यंत न्यायचं भांडं. त्याला आतून रिफ्रॅक्टरीचं, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या मातीचं, अस्तर असतं. त्या अस्तरात ओल राहिली आणि त्यावर चौदाशे अंशांच्या आसपासचं लोखंड पडलं, तर पाण्याची क्षणात वाफ होते आणि धातू उसळतो. म्हणून लेडल आधी बर्नरवर तापवून कोरडं करायचं असतं. त्या पाळीत मी सहा जणांना विचारलं, लेडल ओलं असलं तर काय होतं? सहाही जणांनी बरोबर सांगितलं. एकानं मनगटावरचा जुना डाग दाखवला. म्हणजे माहिती सगळ्यांना होती. मग चूक कुठं होत होती? बर्नर एक, लेडल दोन. साप्ताहिक सुट्टीनंतरच्या सकाळी दोन्ही गार असायची. पहिलं नीट तापायचं, आणि तेवढ्यात भट्टी तयार व्हायची म्हणून दुसरं घाईनं उतरवलं जायचं.

मेगर आणि पाइप यांनी १९७० साली एक प्रश्न मांडलाय: जिवावर बेतलं तर हा माणूस हे काम बरोबर करू शकेल का? उत्तर 'हो' असेल तर त्याला शिकवण्यात अर्थ नाही, अडचण दुसरीकडं आहे. इथं तर रोज अक्षरशः जिवावरच बेतत होतं. मी दोन पानी अहवाल दिला. एकतर दुसरा बर्नर घ्या, नाहीतर सुट्टीनंतरच्या दिवशी एका माणसाला दीड तास आधी बोलवा. प्रशिक्षण नव्या माणसांपुरतं ठेवा, तेही लेडलपाशी उभं राहून बारा मिनिटांचं: कोरडं झालंय हे कशावरून ओळखायचं आणि नसेल तर कोणाला थांबवायचं. मालकांनी माणूस लवकर बोलवायला सुरुवात केली. पंधरा दिवसांनी मी परत जाऊन तपासणी यादी हातात घेऊन उभी राहिले. दुसरं लेडल पूर्ण तापल्याशिवाय उतरलं नाही.

६४ स्लाइडचे जेवढे पैसे मिळाले असते त्याच्या निम्मेही या कामाचे मिळाले नाहीत, हे सांगायला हवं. पण इथं प्रशिक्षण नको असं म्हणायची आणि ते पटवून द्यायची ताकद मला या शिक्षणानं दिली. माझ्या लेखी वाढ ती हीच. आता मला स्लाइडच्या आधीच्या बैठकीला बोलावतात.

विचारा काय विचारायचं ते.

निपाणीकर | रविवार, रात्री १०:२५

बाई, फार उपयोगी लिहिलंत. मी ४४ वर्षांचा, एका पतसंस्थेत आहे. नव्या लोकांना सॉफ्टवेअर, केवायसी (ग्राहकाची ओळख तपासणं) शिकवायचं काम माझ्याकडं आलंय. दोन वर्षांची पदवी करू की सहा महिन्यांचा एखादा कोर्स? आणि दूरशिक्षणाची पदवी लोक खरी मानतात का?

शहापूरची बाई | रविवार, रात्री १०:५०

दादा, दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगते. मान्यताप्राप्त संस्थांची दूरशिक्षणाची आणि ऑनलाइन पदवी वर्गात बसून घेतलेल्या पदवीच्या बरोबरीची आहे, असं यूजीसीनं (विद्यापीठ अनुदान आयोगानं) सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. फक्त त्या संस्थेला त्या अभ्यासक्रमाची मान्यता त्या वर्षासाठी आहे का, हे यूजीसीच्या यादीत बघून घ्या.

तुमचं काम तुमच्याच संस्थेत असेल तर लगेच पदवीच्या मागं लागू नका. स्वयम् या सरकारी ऑनलाइन व्यासपीठावर शिक्षणशास्त्राचे आणि शैक्षणिक तंत्रज्ञानाचे कोर्स असतात, त्यातला एक करा. सोबत एक काम करा. नवा कारकून केवायसीत नेमका कुठं अडखळतो, ते आठवडाभर त्याच्या शेजारी बसून वहीत उतरवा. पदवीतला निम्मा अभ्यास त्या वहीत सापडेल. तरीही भूक राहिली तर पुढच्या वर्षी प्रवेश घ्या.

पुणे व्हाया चिकोडी | सोमवार, सकाळी ८:१५

ताई, मनापासून वाचलं, पण माझं मत वेगळं आहे. मी पुण्यात अकरा वर्षं याच कामात आहे, पदवी नाही. माणूस घेताना आम्ही पोर्टफोलिओ बघतो. तीन चांगले नमुने, त्यामागचा विचार पाऊण पानात, आणि एखाद्या अवघड विषयतज्ज्ञाकडून माहिती कशी काढली याची गोष्ट. एम.ए. असलेले पण 'तापमान' या विषयावर पाच ओळींचा सराव प्रश्न लिहू न शकणारे मी बघितलेत. मी शिकलो ते माझ्या पहिल्या रिव्ह्यूअरमुळं. ती माझा प्रत्येक स्टोरीबोर्ड लाल करून परत पाठवायची आणि प्रत्येक खुणेचं कारण लिहायची. दोन वर्षांची फी आणि वेळ यापेक्षा असा एक माणूस शोधणं जास्त मोलाचं, असं नव्यांना सांगेन.

शहापूरची बाई | सोमवार, दुपारी १:०५

दादा, पोर्टफोलिओचं शंभर टक्के खरं. पदवी हातात घेऊन गेलात आणि नमुने नाहीत, तर दार उघडत नाही. धाग्यावर ज्या तरुण मुली वाचताहेत त्यांनी तुमची पहिली चार वाक्यं वहीत लिहून ठेवावीत.

पण तुम्हाला पुण्यात तो लाल करणारा माणूस मिळाला. शहापुरात, खानापुरात, अथणीत बसलेल्या बाईला तो मिळत नाही. ती एकटी असते, तिच्या कामावर येणारी टिप्पणी म्हणजे 'फॉन्ट मोठा करा'. इग्नूच्या असाइनमेंटवर एका अनोळखी परीक्षकानं लिहून पाठवलं होतं, 'तुमच्या चाचणीतले सहापैकी चार प्रश्न फक्त आठवण तपासतात, तुमचं उद्दिष्ट वापर करण्याचं आहे.' आठवण, आकलन, वापर अशा पायऱ्यांची ब्लूमची १९५६ ची वर्गवारी मी बी.एड.ला पाठ केली होती, पण ती माझ्याच कामाला लावून कोणी दाखवली ती त्या एका ओळीनं. आमच्यासारख्यांना पदवी म्हणजे तो लाल पेन.

चिकोडीहून | सोमवार, दुपारी ३:३०

नर्सिंग कॉलेजात ट्यूटर आहे. आमच्यासाठी हे आहे का?

शहापूरची बाई | सोमवार, दुपारी ३:४४

ताई, तुमच्यासाठी तर नक्कीच. सलाइन लावताना मुलगी पायऱ्या तोंडानं म्हणते की हातानं करते, हा फरक तुम्ही रोज तपासता. तुमच्या प्रात्यक्षिकाच्या तपासणी यादीपासूनच सुरुवात करा.

मोल्डिंगचा माणूस | सोमवार, रात्री ८:५०

बाई, नमस्कार. मी उद्यमबागेतच मोल्डिंगला, म्हणजे वाळूचे साचे करायच्या खात्यात, सुपरवायझर हाय. तुम्ही लेडलचं लिहिलासा ते अगदी बरोबर हाय, आमच्याकडं पण तसंच होतंय. माझ्या हाताखाली पंधरा माणसं काम करूलाल्यात. सात-आठ आपली मराठी, चार बैलहोंगल बाजूची कन्नड, राहिलेली बिहार-ओडिशाची. कंपनीनं व्हिडिओ करून आणला, हिंदीत, मागं बाई बोलतीया. शॉपवर लावला तर काय ऐकूच येत नाही बगा. मशिनी चालू असतात की. मग कँटीनमधी लावला. माणसं जेवूलाल्यात आणि व्हिडिओ चालूलाय. असल्या ठिकाणी काय करायचं सांगा.

शहापूरची बाई | सोमवार, रात्री ९:३०

दादा, तुम्ही विचारलंत ते माझ्या आवडीचं आहे, जरा लांब उत्तर देते.

रिचर्ड मेयर यांनी चित्र, आवाज आणि मजकूर एकत्र कसे शिकवतात यावर अनेक वर्षं प्रयोग केले. त्यातलं एक सांगणं असं की चित्रासोबत बोललेला आवाज असला तर चित्रासोबत छापलेल्या मजकुरापेक्षा जास्त समजतं, कारण डोळ्यांवर दुहेरी भार पडत नाही. परीक्षेत मी हे लिहून मार्क घेतले. पण त्याच अभ्यासात मर्यादाही सांगितल्यात. भाषा शिकणाऱ्याची स्वतःची नसेल तर छापलेला मजकूर बरा, कारण तो थांबून परत वाचता येतो. तुमच्याकडं तर तीन भाषा आहेत आणि आवाज पोचतच नाही. म्हणजे तुमच्या शॉपवर बोलणारा व्हिडिओ नको.

मी असं करेन. तुमच्याच शॉपमधले, तुमच्याच माणसांचे फोटो. एका पायरीला एक फोटो, जास्तीत जास्त पाच. बरोबर कसं आणि चुकीचं कसं हे शेजारी-शेजारी. खाली तिन्ही भाषांत चार-चार शब्द, तेही तुम्ही तिथं बोलता ते. वाळू भिजली, साचा बसला, कोअर हलला, असे. पुस्तकातले शब्द नकोत. तो कागद लॅमिनेट करून कँटीनमध्ये लावू नका, ज्या जागी हात चालतो तिथं लावा. आणि नव्या माणसाला पहिल्या दिवशी त्याच्या भाषेच्या जुन्या माणसासोबत जोडून द्या. जुन्यानं आधी करून दाखवायचं, मग नव्यानं करताना जुन्यानं गप्प बघायचं. हे गप्प राहणं जुन्या माणसाला शिकवावं लागतं, ते सगळ्यात अवघड आहे.

रविवारी मी शहापुरातच असते. फोटो काढून आणलेत तर बसून करू.

मोल्डिंगचा माणूस | सोमवार, रात्री ९:४२

येतो बाई. फोटो काढतो.

खानापूरचे गुरुजी | मंगळवार, सकाळी ६:२०

मी खानापूर तालुक्यात मराठी शाळेवर आहे, जंगलाकडच्या भागात. सेवेत असल्यामुळं पुढच्या शिक्षणाला आधी खात्याची परवानगी काढावी लागते, ती काढतोय. या विषयाकडं मी वळलो तो नली-कली या शिकवायच्या पद्धतीमुळं. १९९५ च्या सुमारास म्हैसूर जिल्ह्यातल्या एच. डी. कोटे तालुक्यात शिक्षकांनी ती पद्धत उभी केली. पुस्तकाऐवजी कार्डं, शिडीसारख्या पायऱ्या, प्रत्येक मूल आपल्या वेगानं पुढं जाणार. बाईंचा लेख वाचताना वाटलं, ज्याला तुम्ही इन्स्ट्रक्शनल डिझाइन म्हणता ते आपल्याच राज्यातल्या खेडेगावच्या मास्तरांनी करून ठेवलंय.

माझी अडचण कन्नडची आहे. माझी मुलं घरी मराठी बोलतात, चौथीत आली तरी कन्नड वाचताना ठेचकाळतात. पुस्तक पहिल्या अक्षरापासून सगळं शिकवतं. वर्ष संपतं आणि जोडाक्षरं राहून जातात. हे तुम्ही कसं मांडाल?

शहापूरची बाई | मंगळवार, रात्री ९:१०

गुरुजी, तुम्ही विश्लेषण निम्मं करूनच ठेवलंय. रॉबर्ट गान्ये या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी अध्यापनाच्या नऊ घटना, म्हणजे पायऱ्या, सांगितल्या, त्यात तिसरी 'आधीचं आठवून देणं' ही आहे. तुमच्या मुलांकडं आधीचं पुष्कळ आहे. क, ख, ग, घ चा क्रम तोच, काना-मात्रेची कल्पना तीच. ते पहिल्यापासून शिकवण्यात जो वेळ जातो तो वाचवा. दोन याद्या करा: मराठीतून फुकट मिळतं ते, आणि मराठीत नाहीच ते.

दुसऱ्या यादीत माझ्या मते दोन मोठ्या गोष्टी येतील. एक, कन्नडात ए आणि ओ ऱ्हस्वही आहेत आणि दीर्घही, मराठीत तो फरक नाही. आपल्या मुलांच्या कानाला तो ऐकूच येत नाही, मग हाताला कुठून येणार? दोन, ओत्तक्षरं, म्हणजे कन्नड जोडाक्षरातली खालची अक्षरं. दुसरं व्यंजन खाली जातं, आणि त, न, म, य, र, ल यांची खालची रूपं मूळ अक्षरासारखी दिसत नाहीत. ती सहा वेगळी काढून त्यांना स्वतंत्र आठवडे द्या, बाकीची मूळ अक्षराच्या ओळखीनं निघतील.

स्वरांसाठी लिहायच्या आधी कान तयार करा. 'कोडु' मधला ओ ऱ्हस्व असला तर 'दे', दीर्घ असला तर 'शिंग'. एक कार्ड देणाऱ्या हाताचं, एक म्हशीच्या शिंगाचं. तुम्ही म्हणा, मुलांनी कार्ड वर करायचं. पाटी-पेन्सिल नको. दहापैकी आठ वेळा बरोबर आलं की मगच अक्षर.

खानापूरचे गुरुजी | पुढच्या मंगळवारी, संध्याकाळी ७:०५

बाई, चार दिवस केलं. चौथीत अकरा मुलं आहेत. पहिल्या दिवशी दोघांनाच फरक ऐकू आला, बाकीची शेजाऱ्याचं कार्ड बघून वर करत होती. म्हणून दुसऱ्या दिवशी सगळ्यांना भिंतीकडं तोंड करून बसवलं आणि कार्ड डोक्यावर धरायला सांगितलं. आज सात जणांना दहापैकी आठच्या वर आलं. चौघांना अजून येत नाही. आता मधल्या सुट्टीत कोणी पेन्सिल मागताना ओ लांबवला की समोरचा लगेच शिंगाचं कार्ड दाखवतो.

चौघांना वेगळं बसवू का सातांच्या जोडीला देऊ? आणि ए साठी जोडी हवी होती.

शहापूरची बाई | मंगळवार, रात्री ९:५५

जोडीला द्या, पण म्हणायचं काम त्या चौघांकडं द्या आणि कार्ड वर करायचं सातांकडं. तोंडानं दोन वेगळे आवाज काढावे लागले की कान लवकर उघडतो. शिंगाचं कार्ड दाखवणं थांबवू नका, त्याहून चांगलं मूल्यमापन मला सुचलं नसतं.

ए साठी 'केरे' घ्या. ऱ्हस्व असला तर तळं, दीर्घ असला तर धामण. तुमच्या भागातल्या मुलांना दोन्ही दाखवायला चित्र लागणार नाही.

खानापूरचे गुरुजी | मंगळवार, रात्री १०:१०

धामण सगळ्यांनी बघितलीय. उद्या परिपाठ झाला की घेतो.